इंजिन बदलावं की गाडी? आधी चासी बघा

हॉस्टेलमध्ये गाड्यांचा विषय निघाला की गप्पा हॉर्सपॉवरवर सुरू होतात आणि मायलेजवर संपतात. चासीबद्दल कुणी बोलत नाही, कारण ती दिसत नाही. पण जुन्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीचं इंजिन बदलायचं की दुसरी गाडी घ्यायची, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा चासीतच असतं. ते कसं, हे या लेखात मांडते.

उदाहरण घरचंच घेऊ. अर्नाळ्याला माझ्या काकांकडे तीस वर्षं जुनी डिझेल जीप होती. घरच्या होडीची मासळी किनाऱ्यावरून उचलायची आणि आगाशीमार्गे विरारला पोचवायची, हे तिचं काम. भरलेले क्रेट घेऊन वाळूतून निघायला चारही चाकांची ओढ लागते, तिथे साधा टेम्पो रुततो. गेल्या वर्षी जीप ऑइल पिऊ लागली आणि वजन घेऊन निघताना दम टाकू लागली. काकांचं मत होतं, इंजिन बदलू, गाडी माहितीतली आहे. चुलत भावाचं मत, कर्ज काढून नवी घेऊ. काकी म्हणाली, "जून-जुलैत मासेमारी बंद असते, बँकेचा हप्ता बंद नसतो." तिघांचंही बरोबर होतं. म्हणून मतं बाजूला ठेवून आम्ही क्रमाने तपासणी केली.

१. पहिली तपासणी : चासी

लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरते. त्यात मीठ मिसळलं की पाण्यातून वीज जास्त सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया वेगाने होते. शिवाय मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे कोरड्या दिवसातही पत्रा पूर्ण सुकत नाही. अर्नाळ्यासारख्या ठिकाणी खारा वारा आहेच, त्यात क्रेटमधल्या बर्फाचं खारट पाणी रोज मागच्या बाजूला गळतं आणि ओली वाळू चासीच्या खाचांत साचून राहते. यात गाडी बनवणाऱ्याचा दोष नाही, हे समुद्राचं काम आहे.

तपासणीला महागडं यंत्र लागत नाही. गाडी गोड्या पाण्याने खालून धुवा, सुकू द्या आणि छोटी हातोडी घेऊन खाली शिरा. चांगलं लोखंड टणटण वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. जिथे बद्द वाजेल तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. मागचा क्रॉस मेंबर, स्प्रिंगचे हँगर, बॉडी जिथे बोल्टने बसते त्या जागा आणि स्टिअरिंग बॉक्सच्या आसपासचा भाग, या चार ठिकाणी नक्की बघायचं.

वरवरचा तांबेरा असेल तर वायर ब्रश आणि प्रायमरने काम भागतं. पापुद्रे सुटत असतील तर धोक्याची घंटा. आरपार भोक पडलं असेल तर वेल्डिंगचा तुकडा लावता येतो, पण वेल्डिंगच्या उष्णतेने आतला रंग जळतो आणि तिथूनच पुन्हा गंज धरतो. स्प्रिंगचा हँगर भर वजनात तुटला तर इंजिन कितीही चांगलं असलं तरी गाडी ताब्यात राहत नाही.

२. दुसरी तपासणी : इंजिन खरंच गेलंय का?

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, म्हणजे इंजेक्टर, पंप किंवा एअर फिल्टरकडे बघा. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाणी सिलिंडरमध्ये जात असण्याची शंका घ्या. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण जपून उघडलं आणि आतून हवेचे झटके आले, तर त्याला मेकॅनिक 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. ही झिजलेल्या रिंगांची खूण.

मग प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं. शेजारचे दोन कमी आले तर हेड गॅस्केटवर संशय, एकच कमी आला तर बहुधा व्हॉल्व्ह, सगळेच कमी आले तर रिंग आणि लायनर. यातलं बरंचसं दुरुस्त होतं. ब्लॉकला तडा गेला किंवा क्रँक ग्राइंडिंगच्या पलीकडे झिजला, तरच इंजिन बदलायचा विचार करावा.

३. तिसरी तपासणी : कोणतं इंजिन?

महिंद्राने १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा ती पेट्रोलवर चालायची. १९७९ साली कंपनीने फ्रान्सच्या प्युजोकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. नावातच माहिती आहे : ४ सिलिंडर, ९० मिमी बोअर. स्ट्रोक ८३ मिमी. सूत्रात घातलं की २,११२ सीसी येतात, करून बघा. नंतरच्या अनेक जीपमध्ये एमडीआय इंजिन आलं : बोअर ८८.९, स्ट्रोक १०१.६, म्हणजे २,५२३ सीसी. पहिलं इंजिन ४,५०० फेऱ्यांपर्यंत फिरतं, दुसरं साधारण ३,२०० पर्यंत, पण कमी फेऱ्यांत ओढ चांगली देतं.

आता एक गणित. समजा अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ५.३८, टॉप गिअर १ आणि चाकाचा घेर २.२६ मीटर. ४,५०० फेऱ्यांना वेग येतो ताशी सुमारे ११३ किमी, ३,२०० फेऱ्यांना सुमारे ८१. हा फक्त फेऱ्यांचा हिशेब आहे, हवेचा विरोध धरलेला नाही. पण मुद्दा लक्षात येतो : अ‍ॅक्सल तोच ठेवून हळू फिरणारं इंजिन टाकलं तर गाडी वाळूत खूश आणि हायवेवर रडकुंडीला. इंजिन हा सुटा भाग नाही. क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, अ‍ॅक्सल, रेडिएटर आणि ब्रेक यांच्याशी त्याचं जमायला हवं.

४. चौथी तपासणी : कागद

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि इंजिन बदललं तर ते १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंदवावं लागतं. म्हणून कुर्ल्याच्या बाजारातून जुनं इंजिन आणताना बिल आणि ते कोणत्या गाडीचं होतं त्याचे कागद घ्यावेत. कागद नसलेलं स्वस्त इंजिन शेवटी महागच पडतं.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढवतात. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या हलक्या चारचाकीला या नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये झालं. शिवाय आपल्या राज्यात पर्यावरण कर आहे. इंजिन नवं टाकलं तरी गाडीचं वय कमी होत नाही. आरटीओसाठी गाडीची ओळख म्हणजे चासी नंबर. थोडक्यात, कायदाही चासीलाच गाडी मानतो.

५. पैशांचा हिशेब

"नवं इंजिन मायलेजमधून पैसे फेडेल" असं सगळे म्हणतात. समजा रोज ४० किमी, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १२,००० किमी. मायलेज १० वरून १२ झालं तर १,२०० ऐवजी १,००० लिटर डिझेल लागेल. लिटरला ९० रुपये धरले तर वर्षाची बचत १८,०००. बचत खरी आहे, पण एवढ्यावर मोठा खर्च लवकर फिटत नाही. नव्या थार, जिम्नी किंवा गुरखाचा हप्ता तर यातून मुळीच निघणार नाही.

आमचं उत्तर काय आलं? हातोडीने मागचा क्रॉस मेंबर आणि डावा हँगर बद्द वाजले, स्क्रू ड्रायव्हर आत गेला. इंजिनात रिंग-लायनरचंच काम होतं, पण ते या चासीवर करण्यात अर्थ नव्हता. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आम्ही तिसरा रस्ता धरला : घाटावरच्या कोरड्या हवेतली त्याच मॉडेलची जीप, चासी ठणठणीत, इंजिन थकलेलं. थकलेल्या इंजिनामुळे ती स्वस्तात मिळाली. तिचं इंजिनकाम केलं आणि जुन्या गाडीचे चांगले टायर, स्टार्टर, डायनॅमो तिला लावले. हप्ता नाही, म्हणून काकीही निर्धास्त.

निष्कर्ष

चासी चांगली आणि इंजिन दुरुस्त होण्यासारखं असेल तर इंजिनकाम करा. चासी चांगली पण ब्लॉक गेला असेल तर त्याच जातीचं, कागदांसह इंजिन टाका. चासी कुजली असेल तर इंजिनावर एक रुपयाही घालू नका. आणि समुद्राकाठी राहत असाल तर दुसरी गाडी आणल्या दिवसापासून दर आठवड्याला ती खालून गोड्या पाण्याने धुवा. आपल्याला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये बीम शिकवतात तो परीक्षेपुरता नसतो. अर्नाळ्यात त्याच्यावर बर्फ, मासळी आणि एका घराचा संसार बसलेला असतो.