लेकीचं नाव ठरवताना

चि. राजास,


लेक झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. पाळण्याशी ‘कुर्र’ करायचा मान तुझ्या बहिणीचा, पण नाव तुम्ही दोघं ठरवणार. फोनवर याद्या चाळणं सुरू असेलच. त्याआधी या आत्याचं थोडं ऐक.

शाळेत वर्षानुवर्षं हजेरी घेतली. नावांच्या लाटा त्या हजेरीपटात स्पष्ट दिसतात. गोदावरी, यमुना मागे पडल्या; कुसुम, मालती आल्या; मग सुनीता, सुरेखा; त्यानंतर स्वाती, अश्विनी, पूजा. प्रत्येक आईबापाला वाटायचं, आपण काहीतरी वेगळं शोधलं. वर्गात मात्र तीन-तीन स्वाती, आणि आम्ही त्यांना आडनावानं हाक मारायचो. आज विहान, अन्वी, शिवांश यांचं तेच होणार. यात वाईट काही नाही, पण ‘कुणाचंच नसलेलं नाव’ हा हट्ट धरू नकोस. याद्यांमधल्या अर्थांवर तर मुळीच विसंबू नकोस. ‘आरव’ म्हणजे शांत, असं त्या सर्रास सांगतात. आपट्यांच्या संस्कृत कोशात त्याचा अर्थ आवाज, ओरडणं असा आहे.

नाव का ठेवलं, हे मुलीला सांगता यायला हवं. रमेश तेंडुलकरांनी धाकट्याचं नाव सचिन ठेवलं ते सचिन देव बर्मन यांच्यावरून. गावसकरांचा रोहन हा रोहन कन्हाय यांच्यावरून. कुणावर तरी प्रेम होतं, म्हणून ती नावं आली. याच्या उलटही पाहिलंय. मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू ठेवायचे. त्यात निदान माया तरी होती. पण मुलगी नको म्हणून ‘नकुसा’? सातारा जिल्ह्यात 2011 साली अशा 285 मुलींना समारंभपूर्वक नवी नावं देण्यात आली. तोवर त्या पोरींनी रोज शाळेत त्या नावाला ‘हजर’ म्हटलं होतं. मला ते आठवलं की अजून संताप येतो.

म्हणून माझं एक सुचवणं आहे. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहायचे आणि बाईचं माहेरचं नाव तिथंच संपायचं. तुझ्या आजीचं, पणजीचं, सूनबाईच्या आजीचं माहेरचं नाव काय होतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचार. ती असेपर्यंतच हे कळेल. त्यांतलं एखादं तुझ्या लेकीला सहज शोभेल. जुनी नावं फिरून येतातच. सई, रमा, राधा पुन्हा हजेरीपटावर आल्या, त्या कुणाला जुनाट वाटल्या नाहीत. नक्षत्राचं अक्षर जुळलं नाही, तर जन्मनाव पत्रिकेत वेगळं राहू दे.

घाई नको. जन्माची नोंद 21 दिवसांत करून घे. त्यात नाव नसलं तरी चालतं, वर्षभरात ते विनाशुल्क घालता येतं. उलट एकदा लागलेलं नाव बदलायचं म्हणजे राजपत्रापर्यंत धावपळ. आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आपल्या राज्यात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. अर्ज भरताना सूनबाईचं नाव नीट, तिला हवं तसं लिही. तिलाच विचारून लिही.

तुझी आत्या