सायकलसाठी बूट घेताना

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. जालन्यातले एक निवृत्त गुरुजी तपासणीला आले. बारा वर्षांचा मधुमेह. सायकल चालवण्याचा सल्ला मीच दिला होता आणि ते रोज पहाटे राजूर रस्त्याने दहा-बारा किलोमीटर जाऊन येत. साखर आटोक्यात आली होती, वजनही उतरले होते. त्या दिवशी मोजा काढला तर करंगळीच्या कडेला रुपयाएवढी जखम.

"दुखत नाही का गुरुजी?"

"नाही डॉक्टर. मोज्याला डाग दिसला म्हणून आलो."

मुलाने हौसेने पाठवलेले नवे बूट. नंबर बरोबर होता, रुंदी कमी पडत होती. करंगळी वाचली, पण जखम भरायला तीन महिने लागले. चूक माझीही होती. सायकल चालवा असे सांगितले. पायात काय घालणार, हे विचारलेच नाही.

चालताना शरीराचा भार टाचेपासून बोटांपर्यंत सरकत जातो. सायकलवर तसे होत नाही. पॅडल चवड्याच्या एकाच जागी दाबत राहते. मिनिटाला साठ फेरे धरले, तर अर्ध्या तासात एकेका चवड्यावर अठराशे वेळा दाब येतो. बूट अरुंद असला की बोटांकडे जाणाऱ्या नसा हाडांमध्ये चेपल्या जातात. मग मुंग्या येतात, बोटे बधिर होतात, तळव्याची आग होते. अनेकजण याला वयाचा दोष देतात. पुष्कळदा दोष बुटाचा असतो.

नुसत्या नंबरावर विसंबू नये. ब्रिटिश पद्धतीत एका नंबराचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो, तर युरोपीय पद्धतीत पावणेसातच्या आसपास. शिवाय नंबर लांबी सांगतो, रुंदी सांगत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये लाखाहून अधिक भारतीयांचे पाय मोजले. आपले पाय युरोपीय पायांपेक्षा रुंद असतात, असे त्यात दिसून आले. म्हणजे बाहेरच्या मापाचा बूट आपल्याला कडेने आवळण्याची शक्यता अधिक.

माप कसे पाहावे?

बूट संध्याकाळी घ्यावा. दिवसभरात पाय थोडा सुजतो. सायकलवर जे मोजे घालता तेच घालून जावे. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात, म्हणून मोठ्या पायाचे माप धरावे. बुटातला सुटा तळ काढून जमिनीवर ठेवावा आणि त्यावर उभे राहावे. पाय कडेने बाहेर आला तर तो बूट आपला नव्हे. सर्वांत लांब बोटापुढे अर्धा ते एक सेंटिमीटर जागा हवी. बोटे आत हलली पाहिजेत, टाच मात्र उचलली जाऊ नये. "वापरून सैल होईल" या दुकानदाराच्या आश्वासनावर बूट घेऊ नये.

मग बूट हातात धरून वाकवावा. वहीसारखा दुमडला तर पॅडल तळव्याला टोचणार. तळ घट्ट आणि न घसरणारा हवा. चप्पल पावसात पॅडलवरून सटकते. पॅडलमध्ये अडकणारे खास बूट शर्यतीसाठी व लांबच्या पल्ल्यासाठी ठीक. पाय सोडवण्यासाठी टाच बाहेर वळवावी लागते. बाजारातल्या गर्दीत त्याची सवय नसेल तर पडायला होते. रोज सायकलने कारखान्यात किंवा शाळेत जाणाऱ्याला साधा, लेसचा, घट्ट तळाचा बूट पुरेसा आहे. लेसची टोके आत खोचावीत, नाहीतर साखळीत अडकतात. चालवताना चवडा पॅडलच्या दांड्यावर यावा, पायाचा मधला भाग नव्हे.

आपल्या जिल्ह्यात अनेक मुली सायकलने शाळेत जातात. वाढत्या वयात दर तीन-चार महिन्यांनी बुटातली जागा पाहावी. पुढच्या वर्षीही चालावा म्हणून दोन नंबर मोठा बूट घेऊ नये. तो सटकतो आणि पायाला फोड आणतो.

मधुमेहींनी अधिक जपावे. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून बूट चावला तरी कळत नाही. नवा बूट पहिले काही दिवस घरातच अर्धा-एक तास घालावा व लाली दिसते का ते पाहावे. घालण्यापूर्वी बूट झटकून आत हात फिरवावा. एखादा खडाही पुरतो. मोजे पांढरे असावेत, म्हणजे रक्त किंवा पू लगेच दिसतो. सायकलवरून आल्यावर तळवे आणि बोटांच्या फटी रोज पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा किंवा घरच्यांना पाहायला सांगावे. फोड दिसला तर तो घरी फोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.

गुरुजी आता पुन्हा राजूर रस्त्याला दिसतात, रुंद बुटात. आणि मी सायकलचा सल्ला देताना आधी पेशंटचे बूट काढायला लावतो.