सैनिकांचे हात दुबळे करणारा

पाठ : यिर्मया १६:१-४; ३८:१-६

यरुशलेमास वेढा पडला असता यिर्मया लोकांस शत्रूच्या स्वाधीन होण्यास सांगत होता. सरदारांनी त्याच्यावर आरोप ठेवला, की हा लढवय्यांचे हात दुबळे करतो. मूळ इब्री क्रियापदाचा अर्थ ‘ढिले पाडणे’. आपला ‘हातपाय गाळणे’ हा वाक्प्रचार त्याच्या जवळचा आहे. संदेष्टा चिखलाच्या विहिरीत गेला.

१९४३ साली बर्लिनच्या लष्करी न्यायालयाने असाच आरोप ऑस्ट्रियातील फ्रान्झ येगरश्टेटर या शेतकऱ्यावर ठेवला. हिटलरच्या युद्धात शस्त्र धरण्यास त्याने ख्रिस्ती विवेकबुद्धीने नकार दिला होता. जखमींची शुश्रूषा करण्याची त्याची तयारी होती. ती कोणी मानली नाही. ९ ऑगस्टला त्याचा शिरच्छेद झाला.

यिर्मयाला देवाने लग्न करण्यास मना केले होते. त्याचे कारण शास्त्रात वेगळे दिले आहे. तरी फ्रान्झच्या घराकडे पाहिले म्हणजे त्या कठोर आज्ञेत दयाही दिसू लागते. फ्रान्झच्या मागे पत्नी फ्रान्झिस्का व तीन लहान मुली राहिल्या. पतीच्या निर्णयाचा दोष गावाने तिच्याच माथी मारला. हिटलर गेला, युद्ध संपले, तरी विधवेचे निवृत्तिवेतन तिला १९५० पर्यंत नाकारण्यात आले. शेत तिनेच सांभाळले, मुली वाढवल्या.

फ्रान्झची शिक्षा १९९७ साली रद्द झाली. २००७ साली लिंझ येथे रोमन मंडळीने त्याला धन्य घोषित केले, तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का तेथे उपस्थित होती.