शिक्षा संपते, नोंद संपते काय?

न्यायालय आरोपीस दोषी ठरवून शिक्षा सुनावते तेव्हा त्या शिक्षेचे माप ठरलेले असते. तीन महिन्यांची कैद तीन महिन्यांनी संपते. दंड भरला की पावती मिळते. परंतु ‘हा मनुष्य अमुक साली दोषी ठरला’ ही नोंद अशी कोणत्याही तारखेला संपत नाही. सरकारी नोकरीच्या वेळी, पासपोर्टच्या वेळी, पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत ती पुनःपुन्हा समोर येते. कायद्याने दिलेली शिक्षा भोगून झाल्यावर ही दुसरी, निकालपत्रात न लिहिलेली शिक्षा किती काळ चालावी? ती थांबविण्याचा काही मार्ग आहे काय? पदवी घेऊन नोकरीच्या दाराशी उभे राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम इतर देशांनी काय केले ते पाहू. इंग्लंडमध्ये १९७४ साली गुन्हेगारांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला. त्याचे तत्त्व साधे आहे. शिक्षेच्या प्रमाणात काही वर्षे ठरवावयाची. त्या मुदतीत मनुष्य सरळ वागला तर त्याची दोषसिद्धी ‘सरलेली’ मानावयाची. त्यानंतर सामान्य नोकरीच्या अर्जात ती सांगण्याचे बंधन त्याच्यावर राहत नाही. मात्र लहान मुलांची देखभाल करणे यांसारख्या जबाबदारीच्या कामांना ही सवलत नाही.

अमेरिकेत यालाच जवळचा ‘एक्स्पंजमेंट’ हा शब्द रूढ आहे. त्याचा अर्थ राज्याराज्यांत बदलतो. कोठे नोंद नष्ट होते, कोठे ती लोकांच्या नजरेआड बंद करून ठेवली जाते, तर कॅलिफोर्नियासारख्या राज्यात न्यायालय खटला मागाहून काढून टाकते, पण सरकारी पदासाठी अर्ज करताना तो सांगावाच लागतो. म्हणजे ‘पुसणे’ हा एक शब्द असला तरी पुसण्याच्या तऱ्हा अनेक आहेत.

अमेरिकेतील एक अनुभव मननीय आहे. मिशिगन राज्यात नोंद पुसून घेण्याचा हक्क असलेल्या लोकांचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. पात्र ठरल्यापासून पाच वर्षांत ज्यांनी प्रत्यक्षात ही सवलत मिळविली, त्यांचे प्रमाण अवघे साडेसहा टक्के निघाले. उरलेल्यांना कायदा माहीत नव्हता, कागदपत्रांची कटकट झेपत नव्हती, खर्च परवडत नव्हता किंवा पुन्हा कोर्टाची पायरी चढण्याची धास्ती वाटत होती. पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१८ साली कायदा करून काही किरकोळ गुन्ह्यांच्या जुन्या नोंदी अर्जाशिवाय, आपोआप बंद करण्याची व्यवस्था केली, ती याच अडचणी ओळखून. कायद्यात हक्क असणे आणि तो माणसाच्या हाती पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा यातला बोध होय.

आता आपल्याकडे वळू. भारतात प्रौढ व्यक्तीची दोषसिद्धी ठरावीक वर्षांनी पुसून टाकणारा सर्वसाधारण कायदा नाही. जे मार्ग आहेत ते निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेले आहेत.

पहिला मार्ग अपिलाचा. वरच्या न्यायालयाने निर्दोष ठरविले तर दोषसिद्धीच नाहीशी होते. परंतु अपिलाला मुदत असते, आणि शिक्षा किरकोळ आहे म्हणून पुष्कळजण ती मुदत जाऊ देतात.

दुसरा मार्ग १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचा. या कायद्याखाली न्यायालय काही गुन्ह्यांत समज देऊन, किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, आरोपीस तुरुंगात न धाडता सोडू शकते. ज्या गुन्ह्याला फाशी वा जन्मठेप होऊ शकते त्याला हमीवर सुटण्याची सवलत नाही. एकवीस वर्षांखालील आरोपीच्या बाबतीत तर, जन्मठेपेचे गुन्हे सोडून, कैद का दिली याची कारणे न्यायालयास लिहावी लागतात. याच कायद्याचे बारावे कलम सांगते की, अशा रीतीने सोडलेल्या व्यक्तीस दोषसिद्धीमुळे कोणत्याही कायद्याखाली येणारी अपात्रता लागू होणार नाही. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. अपात्रता जाते, दोषसिद्धी जात नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली रेल्वे कर्मचाऱ्यांच्या एका प्रकरणात दिला. तरीही ही सवलत मोलाची आहे, आणि ती शिक्षा सुनावण्याच्या वेळीच वकिलामार्फत मागणे हिताचे असते.

तिसरा मार्ग अल्पवयीनांचा, आणि आपल्या कायद्यात खऱ्या अर्थाने ‘पुसणे’ आहे ते येथेच. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या चोविसाव्या कलमाप्रमाणे, अठरा वर्षांखाली घडलेल्या कृत्याबद्दल पुढे कसलीही अपात्रता येत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करण्याचा आदेश बाल न्याय मंडळाने द्यावयाचा असतो. प्रकरण निकालात निघाल्यावर पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी ती माहिती उघड करू नये, असेही हा कायदा बजावतो. अपवाद आहे तो सोळा वर्षे पुरी झालेल्या आणि अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चाललेल्या मुलांचा.

चौथा मार्ग राष्ट्रपती व राज्यपाल यांच्या क्षमादानाचा. राज्यघटनेच्या ७२ व १६१ या अनुच्छेदांत तो आहे. पण सामान्य माणसाच्या आयुष्यात तो क्वचितच येतो.

या पार्श्वभूमीवर एक विसंगती डोळ्यांत भरते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेला मनुष्य सुटकेनंतर सहा वर्षांनी पुन्हा निवडणुकीस उभा राहू शकतो. कायदे करणाऱ्याच्या अपात्रतेला अशी मुदत आहे. कारकुनाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या तरुणाच्या जुन्या नोंदीला अशी सर्वसाधारण मुदत नाही.

व्यवहारात तरुणांची फसगत होते ती दोन ठिकाणी. पहिली कोर्टात. गणपतीच्या मिरवणुकीतील हाणामारी, पत्त्यांचा डाव, रस्त्यावरचा दंगा अशा प्रकरणांत ‘कबूल कर, शेपाचशे दंड भर आणि मोकळा हो’ असा सल्ला आप्तेष्ट सर्रास देतात. पण गुन्हा कबूल करून दंड भरणे ही देखील दोषसिद्धीच होय. एका दुपारचा वेळ वाचविण्यासाठी घेतलेली ही सुटका पुढे प्रत्येक अर्जात उभी राहते. म्हणून कबुलीपूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. ऐपत नसेल तर तालुका वा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो.

दुसरी फसगत अर्ज भरताना. गुन्हा दाखल होणे, खटला चालणे, निर्दोष सुटणे आणि दोषी ठरणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत. अर्जात नेमके काय विचारले आहे ते वाचून खरे तेच लिहावे. माहिती दडवली तर मूळ प्रकरण क्षुल्लक असूनही नोकरी जाण्याचा धोका असतो. दिल्ली पोलिस दलातील एका उमेदवाराने तडजोडीने मिटलेले मारामारीचे जुने प्रकरण सांगितले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली तरुण वयातील चुकांकडे उदारपणे पाहावे असे म्हणताना व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतील जाँ व्हालजाँची आठवण दिली. पाव चोरल्यामुळे जन्मभर चोराचा शिक्का वागविणारा तो नायक साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. पुढे २०१६ साली तीन न्यायमूर्तींनी सूत्रे घालून दिली. माहिती खरी द्यावी. तरुणपणी दिलेल्या घोषणा वा तसा किरकोळ गुन्हा असेल तर तो दडविल्याबद्दल मालक क्षमा करू शकतो. ‘करू शकतो’, केलीच पाहिजे असे नव्हे. म्हणून या उदारतेवर विसंबून खोटे लिहू नये.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला, परंतु गावात चोरी झाली की पोलिसांची पावले त्याच वस्तीकडे वळत राहिली. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ वाचणाऱ्यास याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. कागदावरची नोंद पुसली तरी लोकांच्या मनातली पुसावयाची राहते.

समाजाला सावध राहण्याचा हक्क आहे, हे खरेच. लहान मुलांची वा बँकेच्या तिजोरीची जबाबदारी सोपविताना पूर्वेतिहास पाहिलाच पाहिजे. परंतु त्यासाठी प्रत्येक किरकोळ नोंद आजन्म जागी ठेवण्याची गरज नाही, हे इंग्लंडच्या कायद्याने दाखविले आहे. गुन्हा, लोटलेला काळ आणि मागितलेले काम या तिन्हींचा एकत्र विचार करून नोंदीला मुदत घालणारा कायदा आपल्याकडेही व्हावा. तो होईपर्यंत जे हक्क आहेत ते वेळेवर मागणे आणि आपल्या वाडीवस्तीवरील ज्याला ते ठाऊक नाहीत त्याला ते सांगणे, एवढे तरी शिकलेल्या मुलामुलींनी करावयास हवे.