धान कापणीच्या दिवसांत हार्वेस्टरची निगा

गडचिरोली-गोंदियाकडे दिवाळीच्या सुमारास हलके धान कापणीला येते, मागोमाग भारी. विळ्याच्या जोडीला आता पंजाबकडचे हार्वेस्टर येतात आणि मदतनीस म्हणून त्यांवर आपल्याच गावची मुले चढतात. त्यांना मी शिकवतो. पण ज्यांच्या बांधीत यंत्र उतरते त्यांनीही हे वाचावे. ऐन कापणीत यंत्र बसले आणि अवकाळी पाऊस आला, तर दाणा लोंबीतच उगवतो. दोन एकरवाल्याचे वर्षाचे खाणे तेच.

सकाळी दव असते. ओले धान ड्रमला गुंडाळते, म्हणून ऊन चढेपर्यंत यंत्र चालवू नये. तो वेळ निगेचा.

आधी रेडिएटरची जाळी झाडा. भुसा चिकटला की हवा अडते, इंजिन तापते. पाणी कमी झाले असेल म्हणून काही जण तापलेले झाकणच उघडतात आणि उकळते पाणी तोंडावर येते. थंड होऊ द्या, मग उघडा. धूर काळा येत असेल तर एअर फिल्टर पाहा. तो आपटू नका, आतून बाहेर हवा मारा. सायलेन्सरजवळचे तणस रोज काढा, नाहीतर आग लागते.

ग्रीस देण्याआधी निप्पल पुसा, म्हणजे माती आत जाणार नाही. कोरडे बेअरिंग आधी ओरडते, मग तापते, मग तुटते. ओरडते तेव्हाच थांबावे.

मागे पडलेले तणस हातात घेऊन पाहा. लोंबीला दाणे राहिले तर ड्रम हळू फिरतो आहे किंवा त्याचे जाळीपासूनचे अंतर जास्त आहे. टाकीत फुटके दाणे दिसले तर वेग कमी करा. भुशात भरीव दाणे उडत असतील तर पंख्याची हवा कमी करा. हे शेतकऱ्याने सांगायची वेळ येऊ नये.

कटरबारमध्ये काही अडकले तर इंजिन बंद आणि चावी काढणाऱ्याच्या खिशात. यंत्राच्या आवाजात चालकाला तुमची हाक ऐकू जात नाही. उचललेल्या कटरबारखाली भक्कम आधार लावल्याशिवाय कोणी शिरायचे नाही. एवढ्यावरच मी वर्गात अर्धा दिवस घेतो. मुले कंटाळतात, कंटाळू देत.

डिझेल संध्याकाळीच भरा. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी धरते आणि सकाळी इंजिन अडते.