घटस्फोट, पुनर्विवाह आणि आंतरधर्मीय विवाह : कॅथलिक ख्रिस्तसभा काय सांगते?



आपल्या अकोल्यातल्या वर्गांमध्ये हिंदू, बौद्ध, मुस्लिम मुलांसोबत एखाददुसरं ख्रिस्ती मूलही असतं. 'त्यांच्यात घटस्फोट होतच नाही', 'ख्रिश्चनाशी लग्न केलं की धर्म बदलावाच लागतो' अशी वाक्यं स्टाफरूममध्येही ऐकू येतात. दोन्ही चुकीची आहेत. हा विषय समजून घेताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : चर्चचा नियम वेगळा आणि देशाचा कायदा वेगळा.

१) घटस्फोट

कॅथलिकांच्या सात संस्कारांपैकी विवाह हा एक. बाप्तिस्मा झालेल्या दोघांचा विवाह रीतसर होऊन संसार सुरू झाला की तो फक्त मृत्यूनेच संपतो, अशी शिकवण आहे. म्हणजे मार खात राहायचं का? मुळीच नाही. जोडीदारापासून स्वतःला किंवा मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा चर्चचा कायदाच देतो. हक्क आणि मुलं यांच्या रक्षणासाठी कोर्टातून घटस्फोट घ्यावा लागला, तर तोही पाप ठरत नाही. अशी व्यक्ती पुन्हा लग्न न करता राहिली तर तिला कम्युनियनही घेता येतं.

भारतात ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदा १८६९ चा. त्यात पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. पत्नीला मात्र त्याच्या जोडीला क्रूरता किंवा त्याग असं आणखी कारण दाखवावं लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. २००१ च्या दुरुस्तीने दोघांना सारखी कारणं मिळाली आणि परस्पर संमतीने घटस्फोटाची सोयही झाली.

२) पुनर्विवाह

कोर्टाने घटस्फोट दिला तरी चर्चच्या दृष्टीने पहिलं लग्न कायम असतं. चर्चमध्ये पुन्हा लग्न करायचं तर धर्मप्रांताच्या न्यायमंडळाकडून 'अनलमेंट' घ्यावी लागते. अनलमेंट म्हणजे लग्न मोडणं नव्हे. जबरदस्ती, फसवणूक किंवा गंभीर मानसिक असमर्थता अशा कारणाने ते लग्न मुळात झालंच नव्हतं, असा तो निर्णय. त्यामुळे मुलं अनौरस ठरत नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ही प्रक्रिया सोपी केली.

पण सावधान! नुसत्या अनलमेंटवर दुसरं लग्न करू नका. चर्चच्या अशा निर्णयाने कायद्याच्या दृष्टीने लग्न संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. कोर्टाचा हुकूम नसताना दुसरं लग्न केलं तर तो द्विभार्याप्रतिबंधाखाली गुन्हा ठरू शकतो. नवरा असो की बायको, दोघांनाही हे लागू.

३) आंतरधर्मीय विवाह

कॅथलिक व्यक्तीला हिंदू, बौद्ध किंवा मुस्लिम व्यक्तीशी चर्चमान्य लग्न करता येतं. त्यासाठी बिशपांकडून खास सूट घ्यावी लागते. अकोल्याच्या कॅथलिकांसाठी हे बिशप म्हणजे अमरावती धर्मप्रांताचे. आपली श्रद्धा टिकवीन आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्याचा शक्य तो प्रयत्न करीन, असं वचन कॅथलिक जोडीदार देतो. दुसऱ्याला त्या वचनाची कल्पना दिली जाते. धर्म बदलण्याची अट नाही. चर्चबाहेर, नोंदणी पद्धतीने लग्न करायचं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, त्यात ३० दिवसांची नोटीस लागते. पण नुसतं नोंदणी लग्न चर्चला पुरेसं वाटत नाही.

मुलांचं नाव कोणत्या धर्मात लावायचं, सण कोणते करायचे, हे पालकांनी लग्नाआधीच मोकळेपणी बोलून घेतलेलं बरं. नंतर तो ताण मुलांवर येतो.

४) वर्गात काय करावं?

फळ्यावर दोन रकाने करा : 'चर्च काय म्हणतं' आणि 'कायदा काय म्हणतो'. वरचे मुद्दे मुलांकडूनच भरून घ्या. मात्र उदाहरण म्हणून वर्गातल्या कोणाचंही घर घेऊ नका. आईबाबा वेगळे राहत असलेलं मूल त्याच बाकावर बसलेलं असू शकतं. लग्न टिकलं नाही म्हणून त्या मुलाची किंमत कमी होत नाही, हे चर्चलाही मान्य आहे आणि कायद्यालाही. या धड्यातून मुलांनी एवढं नेलं तरी पुष्कळ झालं.