दिव्यांग-सेवा संस्थेची अनुपालन-तपासणी : पूर्वतयारीचा अभ्यास

'ऑडिट' हा शब्द ऐकताच हिशेबाच्या वह्या, पावत्या आणि शिक्के डोळ्यांपुढे येतात. परंतु दिव्यांग व्यक्तींना निवास, शुश्रूषा वा दैनंदिन साहाय्य पुरविणाऱ्या संस्थांना आणखी एका तपासणीला सामोरे जावे लागते. तीत माणसाला मिळणाऱ्या वागणुकीचा हिशेब द्यावा लागतो. ऑस्ट्रेलियातील व्यवस्था या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

तेथे २०१३ च्या कायद्याने राष्ट्रीय दिव्यांगत्व विमा योजना आकारास आली. व्यक्तीच्या गरजेनुसार शासन निधी मंजूर करते आणि त्यातून सेवा घेतली जाते. ही सेवा देणाऱ्यांत खासगी व्यवसायही आहेत. त्यांच्यावर देखरेख ठेवण्यासाठी २०१८ मध्ये स्वतंत्र गुणवत्ता व सुरक्षितता आयोगाचे काम सुरू झाले. दिव्यांगांवरील हिंसा, उपेक्षा व शोषण यांच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये रॉयल कमिशन नेमावे लागले, यावरून या देखरेखीची निकड ध्यानी येते.

तपासणीचे स्वरूप

कमी जोखमीच्या सेवांसाठी मुख्यतः कागदपत्रांची पडताळणी पुरते. जोखमीच्या सेवांसाठी तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात धोरणे व नोंदी वाचल्या जातात. दुसऱ्या टप्प्यात तपासनीस प्रत्यक्ष येऊन कर्मचाऱ्यांशी आणि सेवा घेणाऱ्यांशी बोलतात. हक्क, कारभार, सेवेची पद्धत आणि सेवेचे वातावरण हे मूल्यमापनाचे चार मुख्य विभाग होत. प्रत्येक निकषाला शून्य ते तीन असे गुण मिळतात. शून्य म्हणजे गंभीर त्रुटी.

पूर्वतयारी

१. स्वयंमूल्यमापन : प्रत्येक निकषापुढे तीन प्रश्न लिहावेत. आपले धोरण काय? प्रत्यक्षात काय घडते? त्याचा पुरावा कोठे आहे? या तीन उत्तरांत जेथे अंतर दिसेल, तेथूनच कामास प्रारंभ करावा.

२. कर्मचारी : पार्श्वभूमी-तपासणीचे दाखले व प्रशिक्षणाच्या नोंदी अद्ययावत असाव्यात. ज्याला गिळण्यास त्रास होतो त्याला कोणता आहार, कोणत्या स्थितीत बसवून द्यायचा, हे रात्रपाळीच्या नव्या सेवकालाही सांगता आले पाहिजे. ते केवळ फाइलीत राहिले, तर घास श्वासनलिकेत अडकून जीव जाऊ शकतो.

३. घटनांची नोंद : मृत्यू, गंभीर इजा, छळ वा उपेक्षा यांची माहिती आयोगास २४ तासांच्या आत द्यावी लागते. घटना व तक्रारींच्या नोंदी सात वर्षे जपाव्या लागतात. ज्या संस्थेच्या वहीत वर्षभरात एकही घटना नाही, तिच्याविषयी जाणकार तपासनिसाच्या मनात शंकाच येईल. घटना लिहिणाऱ्या सेवकाला शिक्षेचे भय वाटू नये, हीदेखील पूर्वतयारीच होय.

४. तक्रारीची वाट : भिंतीवर फलक लावला, पण राहणाऱ्याला वाचता येत नाही, तर तो फलक निरुपयोगी ठरतो. सोपी भाषा, चित्रे, खुणा यांद्वारे त्याला त्याचे हक्क उमगले पाहिजेत.

तपासणीच्या आदल्या रात्री औषधांच्या तक्त्यावर महिन्याभराच्या सह्या एकदम करण्याचा मोह घातक आहे. ती तयारी नसून बनावट आहे. चुकलेल्या मात्रेची खरी नोंद आणि त्यानंतर केलेली सुधारणा यांतून संस्थेचा प्रामाणिकपणा सिद्ध होतो. त्रुटी आढळलीच, तर सुधारणेचा आराखडा व मुदत ठरवून ती दूर करावी.

आपल्यासाठी बोध

भारतातही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दिव्यांगांसाठीची संस्था नोंदणीशिवाय चालविता येत नाही. प्रमाणपत्र भिंतीवर लागले म्हणजे कर्तव्य संपले, असे मात्र नाही. वसतिगृह असो वा सेवासदन, जेथे माणसे दुसऱ्याच्या हवाली केलेली असतात, तेथे रोजचा दिवस तपासणीचाच मानावा. तपासनीस एक-दोन दिवसांत निघून जातो. राहणारा मात्र तेथेच राहतो. त्याला निर्भयपणे खरे बोलता यावे, हीच पूर्वतयारीची कसोटी होय.